अभिनयाच्या रेझ्युमेवर संपर्क म्हणून काय द्यायचं आणि काय नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातली २२ वर्षांची मुलगी. कॉलेजात एकांकिका केल्या, राज्य नाट्य स्पर्धेत एका हौशी संस्थेकडून भूमिका केली. आता मालिका-चित्रपटांसाठी रेझ्युमे करायला घेतला आणि पहिल्या चार ओळींवरच गाडी अडली. वडील म्हणतात, घरचा पूर्ण पत्ता आणि माझा नंबर घाल, कोण फोन करतंय ते मला कळलं पाहिजे. मैत्रीण म्हणते, हल्ली इन्स्टाचं नाव दिलं की झालं. डीटीपीवाल्यानं तर जन्मतारीख, आधार नंबर, वडिलांचा व्यवसाय असे रकानेच आखून दिलेत. यातलं ठेवायचं काय, काढायचं काय? आणि गाव कोल्हापूर लिहिलं तर मुंबईवाले प्रोफाईल बाजूला टाकतील का?

मी कोल्हापुरातच कास्टिंगचं काम करते. मुंबई-पुण्याहून युनिट इकडं आलं की स्थानिक कलाकार गोळा करून द्यायचे आणि इकडच्या मुलामुलींची प्रोफाईल तिकडं पाठवायची, हा माझा रोजचा उद्योग. तेव्हा सरळ उत्तर आधी देते. सगळ्यात वर ठळक अक्षरात नाव. त्याखाली एक मोबाईल नंबर, ज्यावर व्हॉट्सॲप चालू आहे. एक ईमेल. गाव. आणि तुझा इंट्रो (स्वतःची ओळख सांगणारा छोटा व्हिडिओ) किंवा रील (केलेल्या कामाच्या तुकड्यांचा व्हिडिओ) जिथं बघता येईल अशी एक चालणारी लिंक. एजंट असेल तर तुझ्या नंबरच्या जागी त्याचा नंबर. संपर्काच्या जागेत याहून जास्त काही लागत नाही. डीटीपीवाल्याचे बाकीचे सगळे रकाने पुसून टाक.

आता हे का, ते समजायला प्रोफाईल फिरतं कसं ते बघ. संध्याकाळी साडेसातला मुंबईहून मेसेज पडतो: ‘मुलगी, २० ते २५, कोल्हापुरी बोली यायलाच हवी, परवा लुक टेस्ट, प्रोफाईल टाका.’ माझ्याकडं असतील तेवढ्या मुलींची प्रोफाईल मी पाठवते. तिकडचा कास्टिंग असिस्टंट त्यातली काही निवडून दिग्दर्शकाला पाठवतो, दिग्दर्शक ईपीला, म्हणजे कार्यकारी निर्मात्याला, आणि ईपी चॅनेलला. चार हात पुढं गेल्यावर ती फाईल मुळात कुणी पाठवली होती हे कुणाच्या लक्षात नसतं, आणि फॉरवर्ड केलेल्या फाईलबरोबर पाठवणाऱ्याचा नंबर जात नाही. रात्री साडेदहाला चॅनेलवाला म्हणतो, ती तिसरी मुलगी बोलवा. असिस्टंट फाईल उघडतो. आत नंबर असेल तर तुला फोन येतो. नसेल तर तो चौथ्या मुलीला फोन लावतो. शोधाशोध करायला त्याला वेळ नसतो आणि त्यात त्याचं काही चुकतही नाही. म्हणून ‘मी तर व्हॉट्सॲपवरनंच पाठवलंय, नंबर दिसेलच की’ हा हिशेब धरायचा नाही. नंबर कागदावरच पाहिजे, पहिल्या पानावर, वरच्या भागात. आणि पान एकच ठेव. दुसऱ्या पानावर जे असेल ते मोबाईलवर कुणी बघत नाही.

फोटोंची तीच कथा. फोटो आणि रेझ्युमे वेगवेगळे पाठवले की पुढच्या फॉरवर्डमध्ये त्यांची ताटातूट होते आणि नुसता चेहरा फिरत राहतो. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलास तर त्याचा दर्जाही घसरतो आणि फाईलला दिलेलं नावही जातं. डॉक्युमेंट म्हणून पाठवलास तर दोन्ही टिकतं. त्यामुळं दोन-तीन फोटो आणि माहिती एकाच पीडीएफमध्ये घाल आणि त्या फाईलचं नाव ‘रेझ्युमे फायनल नवीन २’ असलं काही ठेवू नकोस. तुझं नाव, वय, उंची, कोल्हापूर, एवढं फाईलच्या नावातच असू दे. माझ्या फोनमध्ये ‘न्यू प्रोफाईल’ नावाच्या फाईलींचा ढीग पडलेला आहे. त्यातलं कोण कुठलं हे उघडल्याशिवाय मलाही सांगता यायचं नाही.

नंबरबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण गोंधळ तिथंच जास्त होतो.

नंबर एकच द्यायचा. दोन दिले की समोरचा आधी बंद असलेला लावतो, हे ठरलेलंच. पुढं +९१ लाव. मराठी मालिकेला त्याची गरज नाही, पण जाहिरातींचं काम कधी बाहेरच्या एजन्सीकडून येतं, आणि जोडून लिहिल्यानं बिघडत काहीच नाही. दहा आकडे पाच-पाच करून मध्ये जागा सोडून लिही, वाचून लावणाऱ्याचा घोळ होत नाही. पीडीएफ करताना नंबर चित्राच्या रूपात न टाकता टाईप कर. म्हणजे मोबाईलवर त्यावर बोट ठेवलं की कॉपी तरी होतो. भडक डिझाईनच्या टेम्प्लेटमध्ये नंबर फोटोवर चिकटवलेला असतो आणि तो हातानं टिपून घ्यावा लागतो.

जमत असेल तर कामासाठी वेगळं सिम घे. बँक, यूपीआय, आधार ज्या नंबरला जोडलेलं आहे तो नंबर शेकडो अनोळखी फोनांमध्ये फिरवण्यात शहाणपणा नाही. यूपीआयच्या ॲपमध्ये नुसता नंबर टाकला तरी खातेदाराचं पूर्ण नाव दिसतं. हल्ली एकाच फोनवर दोन व्हॉट्सॲप खाती चालतात, नाहीतर दुसऱ्या नंबरवर व्हॉट्सॲप बिझनेस टाकता येतं. फक्त त्या सिमचं रिचार्ज चुकवू नकोस. महिनोन्‌महिने बंद राहिलेला नंबर कंपनी काढून घेते आणि दुसऱ्याला देते. मग दोन वर्षांपूर्वीचा तुझा रेझ्युमे बघून कुणी फोन केला तर तो उचलायला भलताच माणूस. कंपनी बदलायची असेल तर नंबर पोर्ट कर, नवा घेऊ नकोस. या धंद्यात जुनी प्रोफाईल फार उशिरा उगवतात. पाठवलेल्या प्रोफाईलला वर्षभरानं फोन येणं यात नवल काही नाही.

आणखी एक गोष्ट, जी कुणी तपासत नाही. दुसऱ्याच्या फोनवरून स्वतःचा नंबर ट्रूकॉलरवर टाकून बघ. सिम मुळात वडिलांचं किंवा भावाचं असेल तर तिथं ‘पप्पा गॅरेज’ किंवा ‘बाळू सेंट्रिंग’ असं काहीतरी उमटतं. तू उलटा फोन केलास की असिस्टंटच्या स्क्रीनवर हे नाव येतं आणि तो कट करतो. ते नाव दुरुस्त करून घे. व्हॉट्सॲपच्या डीपीवर तुझा स्वतःचा, चेहरा स्वच्छ दिसणारा फोटो ठेव. देवाचा, फुलाचा, पाठमोरा रंकाळ्याकाठचा नको. ग्रुपमध्ये कोण ॲड करू शकतं याचं सेटिंग मात्र ‘माय कॉन्टॅक्ट्स’वर आण, नाहीतर ‘ऑडिशन अपडेट’ नावाच्या ग्रुपांनी फोन भरून जाईल.

आता वडिलांचा नंबर. तू सज्ञान आहेस, रेझ्युमेवर तुझाच नंबर पाहिजे. असिस्टंटला विचारायचं असतं ते हे: परवा येता येईल का, कोल्हापुरी बोलता येतं का, बुलेट चालवता येते का, पुढच्या महिन्यात सलग तारखा आहेत का. ही उत्तरं तूच देऊ शकतेस. वडिलांनी फोन उचलला की पहिला प्रश्न ‘आपण कोण?’, दुसरा ‘नंबर कुठून मिळाला?’, तिसरा ‘आमच्या गावाकडचे का?’. त्यांची काळजी खोटी नाही, पण तिचा इलाज रेझ्युमेवर नाही. तो वेगळीकडं आहे, शेवटी सांगते.

पत्ता अजिबात नको. घर नंबर, गल्ली, पेठ, पिनकोड, काहीच नको. पत्र पाठवून ऑडिशनला बोलवायचे दिवस गेले. १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी इथं कोल्हापुरात उभी राहिली तेव्हा नट कंपनीचे पगारी नोकर असत, निरोप्या घरी गेला तरी चालायचं. आज घरच्या पत्त्याचा उपयोग तुला काम द्यायला कुणालाच होत नाही. ज्याला होतो, त्याला तो मिळू नये हेच बरं. मंगळवार पेठेत नुसतं आडनाव आणि तालमीचं नाव सांगितलं तरी माणूस दारात पोचतो, हे तुला मी सांगायला नको. करार करताना, टीडीएसच्या कागदांवर, पत्ता लागतो. तेव्हा तो प्रॉडक्शनच्या ऑफिसला द्यायचा, तोही काम पक्कं झाल्यावर.

डीटीपी सेंटरमधून येणाऱ्या रेझ्युमेंचा मला विशेष राग आहे, तो इथं काढून घेते. त्यांच्याकडं दोनच साचे असतात, नोकरीचा आणि लग्नाचा. मुलगी अभिनयाचं म्हणाली की ते लग्नाचा उघडतात. वर ‘श्री गणेश प्रसन्न’, खाली जन्मवेळ, रक्तगट, भावंडं, मामाचं गाव. मी एकदा एका चांगल्या अभिनेत्याचं असं प्रोफाईल पुढं पाठवायच्या आधी बसून नवीन केलंय, कारण त्यात नंबर सापडत नव्हता आणि देवक मात्र सापडलं. जात, धर्म, वैवाहिक स्थिती, आईवडिलांचं नाव, व्यवसाय, काही नको. जन्मतारीख नको, ‘दिसण्याचं वय २० ते २६’ असं लिही. कास्टिंगला तेवढंच हवं असतं. आधार, पॅन, बँक खातं, पासपोर्ट नंबर यांतलं एकही रेझ्युमेवर कधीच येऊ द्यायचं नाही. पैसे देताना प्रॉडक्शनच्या अकाउंट्सला पॅन लागतो, तो तेव्हा द्यायचा. आधारची प्रत मागितली तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्यायचं.

आता गावाचा प्रश्न. माझं मत पक्कं आहे: कोल्हापूर लिहायचं, लाजायचं नाही आणि लपवायचंही नाही.

इकडची बरीच मुलं मुंबईतल्या मावशीच्या किंवा मित्राच्या खोलीचा आधार घेऊन ‘अंधेरी, मुंबई’ लिहितात. त्यांना वाटतं आरामनगरच्या, म्हणजे जिथं ऑडिशन होतात त्या भागाच्या, जवळ दिसलं की बोलावणं येईल. बोलावणं येतंच! सकाळी अकराला फोन, ‘दोन वाजता ये, फक्त लुक बघायचाय.’ पोरगं त्या वेळी मिरजकर तिकटीला चहा पीत उभं असतं. मग ‘आज बरं नाही’, ‘उद्या चालेल का’ सुरू. असिस्टंट मूर्ख नसतो. दोनदा असं झालं की तुझ्या नावापुढं ‘येत नाही’ अशी खूण पडते आणि ती पुसली जात नाही. त्याच मुलानं कोल्हापूर लिहिलं असतं तर त्याला निरोप आला असता, ‘सेल्फ टेप पाठव’, म्हणजे घरीच ऑडिशन शूट करून पाठव. कोरोनानंतर पहिली फेरी घरबसल्या व्हिडिओवर घ्यायची पद्धत चांगलीच रुळली आहे आणि बाहेरगावच्या कलाकाराला त्याचा सर्वांत जास्त फायदा आहे. फसवून ओढवून घेतलेल्या दोन वाजताच्या बोलावण्यापेक्षा खरं सांगून मिळालेली सेल्फ टेप केव्हाही चांगली.

दुसरं म्हणजे कोल्हापूर हे लिहिण्यानं तुझं नुकसान होतं हेच मुळात अर्धवट खरं आहे. रोजच्या मालिकेत, जी गोरेगावला किंवा ठाण्याच्या घोडबंदर रस्त्याला महिनोन्‌महिने शूट होते, तिथं ‘मुंबईत राहते का’ हा प्रश्न येणारच. पण मोरेवाडीच्या चित्रनगरीत किंवा पन्हाळ्याच्या बाजूला युनिट उतरतं तेव्हा गणित उलटं होतं. मुंबईहून माणूस आणायचा म्हणजे प्रवास, हॉटेल, जेवण. तलाठी, शेजारीण, नर्स, हवालदार, नायिकेची मैत्रीण, दोन-चार सीनच्या अशा भूमिकांसाठी निर्माता आधी इथलीच माणसं शोधतो. शिवाय बोली. मुंबईत शिकवून आणलेलं ‘काय करायलायस’ कानाला लगेच खटकतं. त्या वेळी तुझ्या रेझ्युमेवर ‘कोल्हापूर’ हा शब्द नसेल तर तू त्या यादीतच येत नाहीस. मी स्वतः फोनमध्ये शोधताना ‘कोल्हापूर’ टाकूनच शोधते.

मग मुंबईसाठी काय लिहायचं? ‘कोल्हापूर, कामासाठी मुंबई-पुण्यात राहायची तयारी’. किंवा ‘कोल्हापूर, मुंबईत राहण्याची सोय आहे’. तयारी वेगळी आणि सोय वेगळी, हे नीट लक्षात घे. सोय लिहिलीस की उद्या सकाळी फोन आला तर परवा सकाळी तू तिथं उभी पाहिजेस. ते अशक्य नाही, रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडली की सकाळी मुंबई. पण तिकीट, राहणं, घरची परवानगी हे सगळं आधी ठरलेलं असेल तरच हा शब्द वापर. नाहीतर ‘तयारी’ पुरेशी आहे, ती कुणी उद्या वसूल करायला येत नाही.

हे सगळं धरून तुझ्या रेझ्युमेचा माथा साधारण असा दिसेल:

(नाव आडनाव)
अभिनेत्री
कोल्हापूर, कामासाठी मुंबई-पुण्यात राहायची तयारी
मोबाईल आणि व्हॉट्सॲप: +९१ _____ _____
ईमेल: _____
इंट्रो आणि रील: (लिंक)

त्याखाली उंची, दिसण्याचं वय, भाषा आणि बोली, मग काम. सिंटाचं (सिने-टीव्ही कलाकारांची संघटना) किंवा अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाचं सभासदत्व असेल तर तीही एक ओळ घाल, सभासद क्रमांक मात्र गाळ. मुंबईला पाठवायची प्रत रोमन लिपीत कर आणि नावाचं स्पेलिंग एकदा ठरव ते ठरव. रेझ्युमेवर एक, इन्स्टावर दुसरं, ईमेलात तिसरं असलं की शोधणाऱ्याला तू सापडत नाहीस, आणि उद्या श्रेयनामावलीतही चुकीचं छापलं जातं.

ईमेल लागतो. ऑडिशनला नसेल लागत, पण संहितेची पानं, करार, कॉल शीट (शूटिंगच्या दिवसाची वेळ-जागा सांगणारा कागद), बिलं ही मेलवर येतात. आयडी नाव-आडनाव असा साधा घे. ‘कोल्हापूरची वाघीण’ किंवा ‘क्यूट परी’ अशा आयडीवर करार पाठवताना चॅनेलचा कायदेशीर विभाग हसतो, आणि मग मला फोन करून खात्री करून घेतो. स्पॅमचा कप्पा आठवड्यातनं एकदा तरी बघत जा.

मैत्रिणीच्या म्हणण्यात तथ्य एवढंच, की कास्टिंगवाले इन्स्टा बघतात. रेझ्युमेवरचे फोटो दोन वर्षांपूर्वीचे असू शकतात, इन्स्टावर कालचा चेहरा दिसतो. म्हणून नाव द्यायला हरकत नाही, फक्त खातं पब्लिक पाहिजे. पण संपर्क म्हणून त्याचा भरवसा नाही. अनोळखी माणसाचा मेसेज रिक्वेस्टच्या कप्प्यात जाऊन पडतो आणि तू तो तीन आठवड्यांनी बघतेस. काम केव्हाच शूट होऊन गेलेलं असतं. शिवाय खातं हॅक झालं, बंद पडलं, तर रेझ्युमेवरचा एकमेव धागा तुटला. फॉलोअर्सचा आकडा विचारल्याशिवाय लिहू नकोस. घरच्यांचे फोटो, घराच्या दारातला रील, गाडीचा नंबर हे त्या पब्लिक खात्यावर नको. पत्ता रेझ्युमेवरून काढायचा आणि इन्स्टावर दाखवायचा, याला अर्थ नाही.

लिंकचं एकच सांगते, पण ते मनावर घे. ड्राइव्हवर व्हिडिओ टाकून लिंक पाठवतात आणि परवानगी ‘रिस्ट्रिक्टेड’ ठेवतात. उघडणाऱ्याला ‘रिक्वेस्ट ॲक्सेस’ दिसतं. कुणीही रिक्वेस्ट पाठवत बसत नाही. ‘एनीवन विथ द लिंक’ कर. यूट्यूबवर टाकत असशील तर ‘अनलिस्टेड’ ठेव, ‘प्रायव्हेट’ नको. प्रायव्हेट व्हिडिओ तू आणि तू मुद्दाम परवानगी दिलेली माणसं सोडून दुसऱ्या कुणाला लिंकवरनं दिसत नाही. लिंक बरोबर चालते का ते स्वतःच्या फोनवर तपासून उपयोग नाही, तिथं तू लॉग-इन असतेस. भावाच्या फोनवर तपास. चित्रनगरीच्या गेटवर किंवा प्रॉडक्शन ऑफिसात कागदी प्रत द्यायची वेळ येते तेव्हा लांबलचक लिंक कुणी टाईप करत नाही, तिथं छोटा क्यूआर कोड छाप.

इंट्रो व्हिडिओत आपण नाव, वय, उंची, गाव आणि नंबर बोलून दाखवतो, ती पद्धत माहीत असेल. त्यात एक दुरुस्ती सुचवते: नंबर बोल, पण जी लिंक सगळ्यांसाठी उघडी आहे, त्या व्हिडिओत बोलू नकोस. नंबरवाला व्हिडिओ मागणाऱ्याला थेट पाठव, उघड्या लिंकवरचा नंबराशिवाय कर. दोन मिनिटांचं काम आहे.

एजंट किंवा मॅनेजर. परदेशी नमुने बघून बरेच जण हा रकाना आधी भरतात. अमेरिकेत आठ बाय दहा इंची फोटोच्या पाठीला त्याच मापाचा रेझ्युमे जोडायची जुनी रीत आहे. त्यावर एजन्सीचं नाव-नंबर असतो, घरचा पत्ता नसतो आणि पुढं सॅग-आफ्ट्रा या तिकडच्या कलाकार संघटनेचं सभासदत्व. ब्रिटनमध्ये १९२७ पासून स्पॉटलाइट नावाची कलाकारांची निर्देशिका आहे, तिकडचे नट तिचा संदर्भ देतात. आपल्याकडं मराठीत सुरुवातीच्या काळात एजंट नसणं ही अगदी सामान्य गोष्ट आहे आणि त्याची कुणी लाज बाळगत नाही. मित्राला ‘मॅनेजर’ म्हणून बसवू नकोस. त्याला तुझ्या तारखाही माहीत नसतात आणि मानधनावर तो काहीतरी बोलून बसतो.

कोऑर्डिनेटरचं, म्हणजे कमिशनवर कलाकारांची प्रोफाईल पुढं पाठवणाऱ्या मध्यस्थाचं, मात्र नीट समजून घे. कोऑर्डिनेटर तुझं प्रोफाईल पाठवताना तुझा नंबर काढून स्वतःचा घालतो. यात लबाडी असेलच असं नाही. त्याचं कमिशन त्यावर असतं, म्हणून निरोप त्याच्यामार्फत यावा असं त्याला वाटतं. अडचण होते ती एकच प्रोफाईल तीन कोऑर्डिनेटरांकडून तीन नंबरांसह एकाच असिस्टंटकडं पोचतं तेव्हा. मग ‘मुलगी माझी’, ‘आधी मी पाठवली’ अशी भांडणं लागतात, आणि असिस्टंट कटकट नको म्हणून तुला वगळतो. हे मी डोळ्यांसमोर होताना पाहिलंय, आणि त्या मुलीला शेवटपर्यंत कळलं नाही की आपलं नाव का गळलं. म्हणून दोन प्रती ठेव, एक तुझ्या नंबरासह, एक संपर्काशिवाय. कोऑर्डिनेटरला दुसरी दे, आणि कुठल्या कामासाठी कुणामार्फत प्रोफाईल गेलं ते वहीत टिपून ठेव. त्याच कामासाठी दुसऱ्यानं विचारलं तर सरळ सांग, गेलंय.

तुझ्या प्रश्नात नाही, पण धाकट्या भावंडांसाठी असेच रेझ्युमे घरोघरी बनतायत म्हणून सांगते. लहान मुलाच्या रेझ्युमेवर नंबर पालकाचाच पाहिजे, आणि पुढं ‘आई’ किंवा ‘वडील’ असं लिहून. शाळेचं नाव नको. १४ वर्षांखालच्या मुलाकडून काम करून घ्यायला निर्मात्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. २०१७ च्या नियमांप्रमाणे मुलाला दिवसात ५ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. कमाईतली किमान २० टक्के रक्कम मुलाच्या नावे मुदत ठेवीत टाकावी लागते. फोन करणाऱ्याला या परवानगीबद्दल विचारायचं. खरा असेल तो उत्तर देतो.

नंबर बाहेर गेला की नको ते फोनही येणार. ‘तुमची निवड झालीय, आर्टिस्ट कार्डासाठी अमुक रुपये भरा’ हा सगळ्यात जुना आणि अजूनही चालणारा प्रकार. काम देणारा पैसे देतो, मागत नाही. नोंदणी, पोर्टफोलिओ, ड्रेस, विमा, कशाच्याही नावाखाली मागितले तरी फोन ठेव. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० ला फोन कर, तो सायबर फसवणुकीचा सरकारी मदत क्रमांक आहे. खऱ्या फोनला चार गोष्टी विचारायच्या: प्रॉडक्शन कोणतं, भूमिका काय, ऑडिशन कुठं आणि किती वाजता, आणि फोन करणाऱ्याचं स्वतःचं नाव. रागावला तर बरंच झालं, उत्तर मिळालं. ऑडिशनची जागा हॉटेलची खोली असेल तर जाऊ नकोस. आणि रात्री अकरानंतर ‘अजून फोटो पाठव’ म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर द्यायचं, तेही त्याच पीडीएफनं.

राहिले वडील. त्यांचा नंबर रेझ्युमेवर घालून त्यांना कळणार काय, तर कुणीतरी फोन केला एवढंच. त्यापेक्षा त्यांच्याशी असं ठरव: ऑडिशनचा निरोप आला की तो जसाच्या तसा त्यांना फॉरवर्ड करायचा, बोलावणाऱ्याच्या नाव-नंबरासह. काम लागलं की कॉल शीट मिळते, त्यात लोकेशन, वेळ आणि प्रॉडक्शन कंट्रोलरचा नंबर असतो, तीही त्यांना पाठवायची. निवड झाल्यावर प्रॉडक्शनकडं आपत्कालीन संपर्क म्हणून वडिलांचा नंबर आपणहून द्यायचा, कुणी मागितला नाही तरी. पहिल्या दिवशी ते सेटवर सोडायला आले तरी कुणी काही म्हणत नाही, चित्रनगरीत चहाच्या गाड्याजवळ असे बाबालोक नेहमी उभे असतात. फक्त सीन चालू असताना त्यांना फोन सायलेंटवर ठेवायला सांग.